कोरड्या तलावातली लाट

झेफिर नावाची स्केटबोर्ड टीम जेमतेम वर्षभर टिकली. अकरा मुलगे आणि एक मुलगी. निळे टी-शर्ट, निळे कॅनव्हासचे बूट आणि पाठीशी सर्फबोर्ड बनवणारं एक दुकान, एवढीच काय ती त्यांची दौलत. सगळ्यांनी मिळून गाजवलेली मोठी स्पर्धा एकच, १९७५ ची, आणि तिथलीही सगळी बक्षिसं त्यांनी लुटून आणली असं झालं नाही. खेळाच्या इतिहासात अशा टीमची एरवी तळटिपेत बोळवण होते. झेफिरच्या वाट्याला मात्र एक गाजलेला माहितीपट आला, हॉलिवूडचा एक चित्रपट आला, आणि पन्नास वर्षं उलटली तरी स्केटबोर्ड चालवणाऱ्यांच्या तोंडी ही नावं आहेतच.

त्यांच्या अंगात कसब होतं, यात शंका नाही. पण नुसत्या कसबावर एवढं नाव होत नाही. कसबी पोरं त्या काळच्या कॅलिफोर्नियात इतरत्रही होती. झेफिरचं वेगळेपण असं, की टीम आणि तिची दंतकथा एकाच दुकानात, एकाच वेळी घडत होत्या. दुकानाच्या तीन भागीदारांपैकी एक जण फळ्या घडवायचा, एक जण धंदा आणि पोरं सांभाळायचा, आणि तिसऱ्याच्या हातात कॅमेरा आणि लेखणी होती. हा तिसरा माणूस नसता तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती, असं माझं मत आहे.

दुकान होतं सँटा मोनिकात, मेन स्ट्रीट आणि बे स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. सँटा मोनिका हे लॉस एंजेलिसला लागून असलेलं समुद्रकाठचं शहर. त्याची उत्तर बाजू पैसेवाल्यांची. दक्षिणेला ओशन पार्क आणि त्याला खेटून व्हेनिस. हे नाव सरळ इटलीवरून उचललेलं. तंबाखूच्या धंद्यात गब्बर झालेल्या ॲबट किनी नावाच्या माणसाने १९०५ मध्ये इथे कालवे खोदून आणि कमानी उभारून स्वतःचं व्हेनिस वसवलं होतं. पुढे बरेचसे कालवे बुजवून त्यांचे रस्ते झाले, तेलाच्या विहिरी आल्या, हौशी मंडळी निघून गेली. १९५८ मध्ये इथल्या समुद्रातल्या धक्क्यावर 'पॅसिफिक ओशन पार्क' नावाचं करमणूक उद्यान उघडलं, डिस्नेलँडशी टक्कर घ्यायच्या ईर्षेने. ते १९६७ मध्ये बंद पडलं आणि तसंच सडत राहिलं. मग आगी लागल्या, लाकूड कुजलं, लोखंड गंजलं. पाळण्यांचे सांगाडे आणि पाण्यात उभे असलेले शेकडो खांब एवढंच उरलं, आणि तेही पाडून टाकायला १९७०च्या दशकाचा मध्य उजाडला.

गंमत अशी की या मोडक्या खांबांच्या कोंडाळ्यात लाट मात्र फार चांगली फुटायची. त्या जागेला 'कोव्ह' म्हणत. तिथे सर्फिंग करणं म्हणजे एकीकडे लाट सांभाळायची आणि दुसरीकडे पाण्याखालच्या सळया चुकवायच्या. जागा थोडी, लाटा मोजक्या, त्यामुळे बाहेरच्यांना मज्जाव. परका कुणी पाण्यात उतरलाच तर वर धक्क्यावर बसलेली पोरं त्याच्यावर हाताला लागेल ते फेकायची. कॅलिफोर्नियाची सर्फिंगची जी प्रतिमा गाण्यांनी आणि सिनेमांनी जगभर पोचवली होती, सोनेरी केस, सोनेरी वाळू, कायमची सुट्टी, तिचा इथे मागमूस नव्हता. ही पोरं भाड्याच्या घरांतली होती. कितीतरी जणांच्या घरात आई-बाप वेगळे झालेले. आणि ती सगळी गोरी नव्हती. टोनी आल्वा मेक्सिकन वंशाचा, शोगो कुबो आणि पेगी ओकी जपानी वंशाचे, दुकानाचा मुख्य कारागीर जेफ हो चिनी वंशाचा.

या पट्ट्याला 'डॉगटाउन' म्हणत. जेफने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्किप एंग्ब्लम आणि क्रेग स्टेसिक यांच्या साथीने तिथे दुकान थाटलं. तेव्हाच्या सर्फबोर्डांवर सूर्यास्त, ताडाची झाडं आणि इंद्रधनुष्यं रंगवण्याची चाल होती. जेफ आणि स्टेसिकने ती मोडीत काढली. आजूबाजूच्या भिंतींवर टोळीवाले स्प्रेने जी अक्षरं काढत, त्यांचं वळण आणि त्यांचे भडक रंग त्यांनी आपल्या बोर्डांवर आणले. समुद्रकिनाऱ्यावर राहून गल्लीतल्या भिंतीकडे पाहायचं, ही नजर पुढे सगळ्याच गोष्टींत कामाला आली.

आता स्केटबोर्डकडे येऊ. आपल्याकडे स्केटिंग म्हटलं की सोसायटीच्या आवारात गुडघ्याला पॅड बांधून, पायात चार-चार चाकांचे बूट घालून ओळीने गोल फिरणारी मुलं आठवतात. तिथे गोष्ट वेगळी होती. समुद्र सपाट पडला की सर्फिंगवाल्यांना चैन पडायचं नाही. त्यांनी स्केटची चाकं फळीला ठोकून रस्त्यावर लाटेची तहान भागवायला सुरुवात केली. १९६३ ते १९६५ या दोन-तीन वर्षांत त्याचं वेड अमेरिकाभर पसरलं. 'लाइफ' मासिकाने मे १९६५ मध्ये मुखपृष्ठावर पॅट मॅगी या तरुणीचा फोटो छापला, चालत्या स्केटबोर्डवर हातांवर उलटी उभी असलेली. त्याच वर्षी हे वेड ओसरलंही. कारण चाकं. ती असायची भाजलेल्या मातीसारख्या कडक मिश्रणाची. गुळगुळीत फरशीवर ठीक, पण रस्त्यावर वाटाण्याएवढा खडा आडवा आला की चाक जागच्या जागी थिजायचं आणि वरचा माणूस पुढे जाऊन पडायचा. वळणावर पकड नाही ती नाहीच. हातपाय मोडले, गावोगावच्या नगरपालिकांनी बंदी घातली, दुकानदारांकडे माल पडून राहिला.

सुटका झाली ती व्हर्जिनियातल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात. १९७० मध्ये फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुणाला तिथे युरेथेनची चाकं दिसली. रिंगणातल्या नवशिक्यांच्या स्केटसाठी ती केलेली होती. मुरलेले स्केटवाले त्यांना नाकं मुरडत, कारण ती मऊ आणि संथ. नॅसवर्दीने ती आपल्या स्केटबोर्डला लावून पाहिली. जो दोष रिंगणात होता तोच रस्त्यावर गुण ठरला. मऊ चाक खड्यावरून चढून जातं, डांबर घट्ट धरतं, अंग कितीही कललं तरी निसटत नाही. तो कॅलिफोर्नियात आला आणि १९७३च्या सुमाराला 'कॅडिलॅक' या नावाने ती चाकं विकू लागला. यानंतरच्या पन्नास वर्षांत स्केटबोर्डचं रूप बरंच बदललं, पण चाक आजही युरेथेनचंच.

झेफिरच्या पोरांना ही चाकं मिळाली आणि त्यांच्या दुपारी सार्थकी लागल्या. सकाळ उतरली की समुद्रावरून वारा सुटायचा आणि लाटा विस्कटायच्या. मग मोर्चा शाळांकडे. लॉस एंजेलिसच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांत पॉल रिव्हियर, केंटर, बेलाजिओ अशा काही शाळा आहेत. डोंगर कापून मैदान सपाट करायचं आणि कापलेल्या उतारावर डांबर ओतून टाकायचं, अशी त्यांची बांधणी. शिक्षणखात्याच्या हिशेबी ती माती धरून ठेवण्याची सोय. या पोरांना तिथे दिसली गोठलेली लाट, कधीही न मोडणारी, दिवसभर फुकट.

त्यांचा आदर्श होता हवाईचा सर्फर लॅरी बर्टलमन. तो लाटेवर इतका खाली वाकायचा की एक हात पाण्याच्या भिंतीला टेकलेला असायचा आणि त्या हाताभोवती तो वळायचा. पोरांनी हेच डांबरावर केलं. उतारावर वेगाने चढायचं, गुडघे छातीशी आणायचे, तळहात जमिनीवर दाबायचा आणि त्या हाताचा खुंट करून फळीसकट पाय अर्धवर्तुळात फिरवायचे. चाकं करकरत घसरायची, तळहात सोलवटून निघायचा. या वळणाला ते 'बर्ट' म्हणत. कसरत किती अवघड आहे यापेक्षा ती करताना माणूस दिसतो कसा, यावर त्यांचा सारा जीव. लाटेवर शोभेल तेच रस्त्यावर करायचं. अंगाची ठेवण बेंगरूळ असेल तर बाकीचे हसून हैराण करत. एंग्ब्लमने निवडलेल्यालाच दुकानाचा टी-शर्ट मिळायचा, आणि तो अंगावर असण्याला त्या गल्ल्यांत वजन होतं.

एप्रिल १९७५ मध्ये सॅन डिएगोजवळच्या डेल मार इथे राष्ट्रीय स्पर्धा भरली. 'बाने' आणि 'कॅडिलॅक' या कंपन्या पुरस्कर्त्या. बऱ्याच वर्षांनी एवढी मोठी स्पर्धा होत होती, आणि भाग घेणारे बहुतेक जण १९६५ मध्ये खेळ जिथे थांबला होता तिथूनच तो पुढे चालवत होते. ताठ उभं राहायचं, फळीच्या टोकावर तोल सांभाळायचा, जागच्या जागी गिरक्या घ्यायच्या, हातांवर उभं राहायचं. जिम्नॅस्टिक्ससारखे गुण मिळायचे. या मंचावर झेफिरचा चौदा वर्षांचा जे ॲडम्स आला तो जवळजवळ बसूनच. वेग घेतला, हात जमिनीला लावत सपासप वळला, आणि मग हातांनी फळी धरून तिच्यासकट बेडूकउड्या मारत मंचाच्या टोकाकडे गेला. प्रेक्षकांत आरडाओरडा झाला. पंचांची पंचाईत झाली, कारण त्यांच्या गुणतक्त्यात असल्या गोष्टीला रकानाच नव्हता.

मुलींच्या गटात पेगी ओकी पहिली आली. तिच्याविरुद्ध इतर स्पर्धकांनी कुरकुर केली, ती मुलांसारखी स्केट करते म्हणून. ते खरंच होतं. ती टीममधल्या मुलांबरोबर, त्यांच्याच उतारांवर, त्यांच्याच पद्धतीने शिकली होती. मुलींची म्हणून एखादी वेगळी, नाजूक तऱ्हा असते हे तिच्या गावीही नव्हतं.

डेल मारहून टीम परतली आणि तिथूनच ती फुटायला लागली. खेळात पैसा येत होता, आणि दुकानापाशी तो नव्हता. ॲडम्सचे सावत्र वडील केंट शेरवूड टीमसाठी फायबरग्लासच्या फळ्या बनवत; त्यांचं जेफशी बिनसलं आणि त्यांनी 'झेड-फ्लेक्स' ही स्वतःची कंपनी काढली. टीममधल्या आल्वा, स्टेसी पेराल्टा यांना दुसऱ्या कंपन्यांनी उचललं. जिम मुइर आणि चित्रकार वेस हम्पस्टन यांनी 'डॉगटाउन स्केट्स' काढली. हम्पस्टन फळीच्या पोटावर हाताने चित्रं काढायचा. आज दुकानात टांगलेल्या प्रत्येक स्केटबोर्डच्या खालच्या बाजूला जे चित्र असतं, त्या रिवाजाच्या उगमाशी तो आहे. १९७६ मध्ये जेफचं दुकान बंद झालं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण त्याच सुमाराला, १९७५ मध्ये, 'स्केटबोर्डर' हे बंद पडलेलं मासिक पुन्हा निघालं आणि स्टेसिकने त्यात लिहायला घेतलं. कधी स्वतःच्या नावाने, कधी जॉन स्माइथ किंवा कार्लोस इझान अशा टोपणनावांनी. फोटोही बऱ्याचदा त्याचेच. तोवर खेळाच्या मासिकातला लेख म्हणजे कोण कितवा आला आणि चाकं कुठली वापरली. स्टेसिकने निकाल बाजूला ठेवले. त्याने गल्ल्या, पडीक इमारती, भिंतीवरच्या खुणा आणि पोरांची अरेरावी लिहिली, एखादा बातमीदार शत्रूच्या मुलखातून बातम्या पाठवतो तशा आवेशात. डॉगटाउन हे जणू वेगळं राष्ट्र आहे आणि तिथले कायदे निराळे आहेत, असा त्याचा सूर असे. ओहायोतल्या किंवा इंग्लंडमधल्या एखाद्या मुलाला समुद्र माहीत नव्हता. पण काँक्रीट आणि कंटाळा या दोन गोष्टी त्याच्याकडे भरपूर होत्या. त्याला हे लेख थेट लागू पडले.

या मासिकात १९७६ पासून आणखी एकाचे फोटो येऊ लागले. ग्लेन फ्रीडमन. तो तेव्हा शाळेत होता, याच पोरांच्या मागे कॅमेरा घेऊन हिंडायचा. तलावाच्या काठावर आडवं पडून, चाक डोळ्यांपासून वीतभर अंतरावरून जाईल असा तो फोटो घ्यायचा. पुढे त्याने हीच जवळीक पंक आणि हिप-हॉपच्या मंचावर नेली. 'ब्लॅक फ्लॅग', 'पब्लिक एनिमी', 'बीस्टी बॉइज' यांचे त्याने काढलेले फोटो प्रसिद्ध आहेत.

तलावाचा उल्लेख आलाच आहे, तर तिथे जरा थांबू. खरी क्रांती तिथे झाली, आणि ती टीम म्हणून झाली नाही. टीम मोडल्यावर हीच पोरं मित्र म्हणून, वैरी म्हणून एकत्र यायची तेव्हा झाली.

दक्षिण कॅलिफोर्नियातला घरगुती पोहण्याचा तलाव चौकोनी नसतो. थॉमस चर्च या उद्यानरचनाकाराने १९४८ मध्ये सोनोमा परगण्यातल्या डॉनेल कुटुंबाच्या बागेत मूत्रपिंडाच्या आकाराचा तलाव बांधला, तो इतका गाजला की त्याची नक्कल राज्यभर झाली. चर्चची फिनलंडचे वास्तुशिल्पी आल्व्हार आल्टो यांच्याशी ओळख होती, आणि आल्टोंनी दहा वर्षं आधी तिकडच्या एका घराच्या अंगणात असाच वाकडातिकडा तलाव केला होता. युद्धानंतर सळयांच्या जाळीवर नळीने काँक्रीट फवारण्याचं तंत्र स्वस्त झालं आणि अशी गोलाई करणं सोपं झालं. तलावाच्या खोल टोकाला तळ आणि भिंत काटकोनात भेटत नाहीत; तळ हळूहळू उचलत जाऊन उभा होतो. वर निळ्या फरशीचा पट्टा आणि त्यावर बाहेर आलेली दगडी कड. कुणाच्या स्वप्नातही नसताना कॅलिफोर्नियाच्या उच्चमध्यमवर्गाने परसदारी हजारो लाटा बांधून ठेवल्या होत्या. फक्त त्यांत पाणी होतं.

१९७६ आणि १९७७ ही दोन वर्षं तिथे कडक दुष्काळाची गेली. पाणीकपात झाली, तलाव कोरडे पडू लागले. पोरं गल्लीबोळ पालथे घालायची. विकाऊ असलेली घरं, जळालेली घरं, मालक परगावी गेलेली घरं हेरायची. कुंपणावरून उडी, तळाशी साचलेलं हिरवं पाणी पंपाने नाहीतर बादल्यांनी बाहेर, वर झाडू मारायचा, आणि एकाने पहाऱ्याला बसायचं. पोलीस आले की पळायचं आणि दुसरं आवार गाठायचं.

तलावात काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. उथळ टोकाकडून निघालं की उतारावर वेग वाढतो. तळाची गोलाई लागली की तो वेग माणसाला खाली दाबतो. पाय वाकतात, पोट आत जातं. पुढच्याच क्षणी फळी भिंतीवर असते आणि माणूस जमिनीला समांतर. जत्रेतल्या 'मौत का कुआँ'मध्ये मोटारसायकलवाल्याला जी ताकद भिंतीला चिकटवून ठेवते तीच इथेही, फरक इतकाच की त्याच्याकडे इंजिन आहे आणि या पोराकडे उतारावर मिळालेली तेवढी पुंजी. ती संपायच्या आत वळायचं. सुरुवातीला पाण्याखालच्या दिव्याच्या उंचीपर्यंत पोचणं ही मर्दुमकी होती. मग दिव्याच्या वरून. मग फरशीवरून, जिथे चाकं सांध्यांवरून टकटक वाजत जातात. मग दगडी कडेपर्यंत, जिथे चाकांचा धातूचा आस दगडावर घासून खर्रकन आवाज येतो. तो आवाज हीच शाबासकी. एकाने जे केलं ते पाचव्या मिनिटाला दुसऱ्याने करून दाखवायचं. या चुरशीत महिन्या-दोन महिन्यांत शक्य-अशक्याची रेघ सरकत गेली.

कडेच्या पुढे उरली होती हवा. सँटा मोनिकाच्या उत्तर भागातल्या एका मोठ्या घरात एक आजारी मुलगा होता, बरा न होणाऱ्या दुखण्याचा. त्याला स्केटिंगचं वेड. त्याच्या हट्टापायी वडिलांनी घरचा तलाव रिकामा करून पोरांना मोकळा करून दिला. पोलिसांची भीती नाही, घाई नाही. तलावाचं नाव पडलं 'डॉगबोल'. १९७७ मध्ये इथेच आल्वाने भिंत चढून कडेच्या पार जाऊन, एका हाताने फळी धरून, हवेत वळून पुन्हा भिंतीवर उतरण्याचा प्रकार केला. तलावातली पहिली हवाई झेप म्हणून श्रेय बहुधा त्याला देतात. पहिलेपणाचे असे मान वादातीत नसतात, हाही नाहीच. मात्र आज स्केटबोर्डवर जे जे हवेत चालतं, स्नोबोर्डवर आणि सायकलवरसुद्धा, त्याची वंशावळ मागे नेत गेलं की ती या तलावांत उतरते.

पुढचा भाग झरझर सांगता येतो. कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅडला १९७६ मध्ये स्केटपार्क झालं आणि पाठोपाठ देशभर पार्कं निघाली. दशक संपता संपता जखमींच्या दाव्यांनी आणि विम्याच्या हप्त्यांनी त्यांचं कंबरडं मोडलं. बहुतेक बुलडोझरखाली गेली. नॉर्वेने तर १९७८ मध्ये स्केटबोर्डवर देशभर बंदीच घातली, ती १९८९ पर्यंत चालली. बंदी असलेल्या देशात पोरं रानात लपून रॅम्प बांधायची. डॉगटाउनची शिकवण एवढ्या लांब पोचली होती म्हणायची.

पेराल्टा मात्र धंद्यात टिकला. १९७८ मध्ये तो जॉर्ज पॉवेल या अभियंत्याला मिळाला आणि 'पॉवेल पेराल्टा' कंपनी उभी राहिली. त्याने पुन्हा टीम बांधली, पण नामवंतांना पैसे देऊन न आणता कोवळी पोरं वेचून: स्टीव्ह कॅबालेरो, टोनी हॉक, रॉडनी मलन, लान्स माउंटन, माइक मॅगिल, टॉमी गेरेरो. 'टीम' हा शब्द त्याला नको होता. 'बोन्स ब्रिगेड' हे नाव सुचवलं पुन्हा स्टेसिकनेच. एंग्ब्लमच्या दुकानात पेराल्टा शिकला होता ते इथे त्याने शहाणपणाने वापरलं: पोरांना एकत्र वाढवायचं, त्यांची प्रतिमा आपणच घडवायची, आणि यावेळी पैशाअभावी फुटू द्यायचं नाही. १९८४ मध्ये त्यांनी 'द बोन्स ब्रिगेड व्हिडिओ शो' ही कॅसेट काढली. मासिकातल्या फोटोवरून उडीचा मधला एक क्षण कळायचा. कॅसेट मागेपुढे करून पाय कुठे ठेवला, कधी उचलला हे गावात एकटा असलेला मुलगाही शिकू शकला. मलनने फळी हाताने न धरता सपाट जमिनीवरून उडवण्याची युक्ती काढली होती, मुळात फ्लोरिडाच्या ॲलन गेल्फंडने तलावाच्या भिंतीवर शोधलेली. तिच्यामुळे पायऱ्या, कठडे, बाकडी हे सगळं खेळाचं मैदान झालं आणि तलाव-पार्कांची गरजच उरली नाही. टोनी हॉक ज्या स्केटपार्कमध्ये घडला ते डेल मारचं होतं, हा योगायोग जाता जाता नोंदवून ठेवतो.

समाजावरचा परिणाम मोजायचा तर सुरुवात पायांपासून करावी लागेल. अनाहाइमची 'व्हॅन्स' ही कंपनी १९६६ पासून जाड रबरी तळव्यांचे कॅनव्हासचे बूट करायची. स्केटवाल्यांना ते पसंत पडले, कारण तळवा फळीला चिकटून राहायचा. १९७६ मध्ये आल्वा आणि पेराल्टा यांच्या सल्ल्याने कंपनीने घोट्याला गादी असलेला नवा बूट काढला. आज मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये कॉलेजची जी मुलं हे बूट घेतात, त्यांतल्या कितीजणांनी आयुष्यात स्केटबोर्डवर पाय ठेवलेला असतो, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. कंपनीनेही तो केव्हाच सोडून दिला आहे. संगीताचं नातं अधिक सख्खं. जिम मुइरचा धाकटा भाऊ माइक याने व्हेनिसमध्येच 'सुइसायडल टेंडन्सीज' हा बँड काढला, आणि १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतून निघालेल्या 'थ्रॅशर' मासिकाने स्केटबोर्ड आणि पंक यांची गाठ पक्की केली. वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांनीही दखल घेतली. लंडनच्या इयान बॉर्डन यांनी २००१ मध्ये स्केटबोर्ड आणि शहर यांवर आख्खं पुस्तक लिहिलं: नियोजनकार एका कामासाठी जागा बांधतो आणि वापरणारा तिच्यातून दुसरंच काढतो, याचं इतकं ठळक उदाहरण क्वचित सापडतं.

पण ही गोष्ट सांगणाऱ्यांनी तिच्यातला अंधार हात राखून सांगितला आहे, असं मला वाटतं. 'डॉगटाउन अँड झेड-बॉइज' हा माहितीपट २००१ मध्ये सनडान्स महोत्सवात आला, दिग्दर्शनाचं आणि प्रेक्षकपसंतीचं अशी दोन पारितोषिकं घेऊन गेला. दिग्दर्शक स्वतः पेराल्टा, सहलेखक स्टेसिक, पैसा 'व्हॅन्स'चा. चित्रपट विलक्षण वेगवान आणि देखणा आहे. पण आपल्याच तरुणपणाचा इतिहास आपणच सांगत असलो की काय होतं, हेही त्यात दिसतं. २००५ चा 'लॉर्ड्स ऑफ डॉगटाउन' तर पेराल्टाच्याच पटकथेवर बेतलेला. जे ॲडम्स या दोन्हींत निरागस, उपजत प्रतिभेचा म्हणून येतो. प्रतिभा होतीच. पण १९८२ मध्ये हॉलिवूडमध्ये रस्त्यावर एका समलिंगी जोडप्याला मारहाण झाली, तिची सुरुवात ॲडम्सने केली होती. त्यात एक माणूस जीवानिशी गेला, आणि ॲडम्सला हल्ल्याबद्दल तुरुंगवास झाला. पुढे हेरॉइन, पुन्हा तुरुंग, मग धर्म. २०१४ मध्ये मेक्सिकोत सर्फिंगला गेलेला असताना त्रेपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने तो गेला. परक्यावर दगड भिरकावणाऱ्या टोळीचं कौतुक करताना दगड कुणाला लागतो हे विसरून चालत नाही.

पेगी ओकीची वाट निराळी. स्पर्धांत तिला रस उरला नाही. ती शिकायला गेली, चित्रकार झाली आणि देवमाशांच्या शिकारीविरुद्ध काम करू लागली. कागदाच्या घड्या घालून केलेले हजारो देवमासे ती लोकांकडून जमवते आणि त्यांचे पडदे करून टांगते. माहितीपटात ती बारांतली एक म्हणून आहे, थोडीशी कडेला. 'झेड-बॉइज' या नावातच तिला जागा नव्हती.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ मध्ये, स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं. त्यातल्या 'पार्क' प्रकाराचं मैदान म्हणजे काँक्रीटचे एकमेकांत मिसळलेले खोलगट हौद, वर कड असलेले. मुलींच्या पार्क स्पर्धेत सुवर्ण मिळालं जपानच्या एकोणीस वर्षांच्या साकुरा योसोझुमीला, रौप्य बारा वर्षांच्या कोकोना हिराकीला. कांस्य घेतलं ब्रिटनच्या स्काय ब्राउनने. वय तेरा, आई जपानी, जन्म आणि बालपण जपानचं. ती शिकली मुख्यतः यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून.